दुहेरी रेघ

कळ्याच्या दवाखान्यात, वरच्या हॉलात
पंखा फिरतोय, वारा देत नाही.
कुंभीकाठच्या बारा गावांतल्या आम्ही बावीस जणी,
मांडीवर कोऱ्या वह्या.
हेरवाडकर मॅडम फळ्यावर काढतात
चौकोन : बाप्या.
गोल : बाई.
वरून तिरकी रेघ मारली, की ते माणूस गेलं.

"आता जिनं तिनं आपापलं घर काढायचं."
हसलो आम्ही. घर म्हणजे कौलं, चूल, परसातला शेवगा?
न्हाई. तीन पिढ्या.

बिल्कीस नदाफ आजीपाशीच अडली.
सगळं गाव तिला गफूरची आई म्हणायचं,
नाव कुणी विचारलंच नव्हतं.
माझ्या सासऱ्यांना तोंडपाठ आहे
म्हशीचा बाप कुणाच्या दावणीचा,
तिची आई एका वेळेला किती लिटर द्यायची,
उसाचं बेणं कुठल्या फडातनं आणलं.
स्वतःची आई कशानं गेली विचारलं तर म्हणतात,
"गेली बघ, दुखण्यानं."

माझी आई माझ्या बापाच्या मामाची मुलगी.
हक्काची.
मी चौकोन काढला, गोल काढला, रेघेनं जोडले.
मॅडम वाकून म्हणाल्या, "इथं रेघ दुहेरी."
पट्टी लावून दुसरी रेघ ओढली.
दोन रेघांच्या मध्ये उरली दोऱ्याएवढी जागा.

खाली आम्ही तिघं.
मधला चौकोन सदाचा, त्याच्यावर तिरकी रेघ.
पांढराफटक पडायचा. पोट नगाऱ्यागत.
साडेतीन वर्षांचा होता.
चुलती म्हणाली होती, भर अंगणात,
"हिच्या अंगातच खोट."
आई भांडी घासत राहिली.
मला राखेचा आवाज आठवतो.

"थॅलेसेमिया असेल का, मॅडम?"
"असेल. आज खात्रीनं सांगता येणार नाही."
एवढं सरळ उत्तर आमच्या घरात कुणीच दिलं नव्हतं.

जेवणानंतर दोन वाट्या.
प्रत्येकीत एक पांढरा घेवडा, एक काळा.
डोळे मिटून दोन्हींतला एकेक उचलायचा.
काळा-काळा आला, तर त्या लेकराला
महिन्या-महिन्याला रक्त चढवायचं.
छबू कुंभार म्हणाली,
"एकदा आला म्हंजे पुढची पोरं सुटली न्हवं?"
"नाही. दाणे परत वाटीत जातात.
दर खेपेला नवा डाव."
मग सहज, खडू पुसता पुसता,
"आणि लक्षात ठेवा, एक दाणा बापाच्या वाटीतला असतो."

पस्तीस वर्षं
आमच्या घरात एकच वाटी होती.

*

रंजना वैरागेच्या अंजूची सुपारी फुटायची आहे,
आतेभावाशीच. पत्रिकेत एकतीस गुण.
मी गुळाचा चहा प्याले, बशी खाली ठेवली,
"दोघांचं रक्त तपासूया का? बोटाएवढी नळी."
सासू आतनंच ओरडली, "लगीन मोडायला आलीस व्हय?"
"मोडायला न्हाई, आत्ती. आधी ठाऊक असावं म्हणून."
(मॅडमनी बजावलंय, 'करू नका' म्हणायचं नाही.
निकाल अंगणात वाचायचा नाही.
पोरीचा निकाल आधी पोरीला.)
अंजू उंबऱ्यात उभी, बोटाला ओढणी गुंडाळत.
"तुमचं बघितलंय का, ताई?"

न्हवतं बघितलं.

आज सकाळी बाही वर केली.
वैभवनं दंडाला रबर बांधलं, म्हणाला, मूठ आवळा.
नळीवर माझं नाव लिहिलं, माहेरचं आडनावसुद्धा,
मीच लिहायला लावलं.
वहीतला माझा गोल रिकामाच आहे,
अर्धा रंगवायचा की तसाच सोडायचा
ते पुढच्या मंगळवारी.

आईला अजून सांगितलेलं नाही.
दोनदा फोन उचलला.
"जेवलीस का" विचारलं, ठेवला.
दुसऱ्या वाटीचं कसं सांगतात,
तेवढं प्रशिक्षणात नव्हतं.